डाव्या बाजूचे चार चॅनेल

“मॅडम, इंजिनाची डावी बाजू थंड आहे,” राघवन म्हणाले.

मी स्क्रीनकडे पाहिलं. समोर जाड काचेपलीकडे एक लहान जेट इंजिन फुल स्पीडला चालू होतं. काच असूनही छातीत थरथर जाणवत होती. स्क्रीनवर आठ आकडे होते. पहिले चार सहाशे नव्वदच्या आसपास आणि पुढचे चार सहाशे पंचेचाळीसच्या आसपास.

“थंड म्हणजे काय, सहाशे पंचेचाळीस आहे,” मी म्हणाले.

“फरक बघा ना. पंचेचाळीस अंश. आम्हाला तीस चालतो.”

राघवन बंगळुरूचे. हे इंजिन त्यांच्या कंपनीने बनवलेलं, वैमानिक नसलेल्या विमानासाठी. ते आमच्याशी हिंदीतच बोलत, पण मी इथे सगळं मराठीत लिहिते आहे. माझं काम इंजिनाशी नव्हतं. इंजिन चालताना काय काय होतंय ते मोजणं, हे माझं काम. तापमान, दाब, कंपनं, इंधन किती जातंय, धक्का किती मिळतोय. ही सगळी मापं तारांमधून एका पेटीत येतात, पेटी त्यांचे आकडे करते आणि कॉम्प्युटर ते साठवतो. याला डेटा अ‍ॅक्विझिशन म्हणतात. आमच्या तोंडी नुसतं ‘डॅक’. तीस वर्षं मी हेच केलं. रिटायर झाल्यावर भिवंडीच्या जयवंत भोईरांनी बोलावलं म्हणून सल्लागार म्हणून येऊ लागले.

भिवंडीत जेट इंजिनाची टेस्ट होते, हे सांगितलं की लोक हसतात. भोईरांच्या घरच्या जमिनीवर गोडाऊनं आहेत. ते स्वतः मेकॅनिकल इंजिनीअर. त्यांनी एका गोडाऊनच्या आत जाड भिंतींची खोली बांधली, मागे सायलेन्सरचा बोगदा काढला आणि टेस्ट सेल उभा केला. शेजारी पॉवरलूमचे कारखाने असल्यामुळे आवाजाची तक्रार करायला कुणी आलं नाही. राघवन यांचं इंजिन हे आमचं पहिलं बाहेरचं काम होतं.

आणि पहिल्याच दिवशी दुपारी ते अर्धं थंड निघालं.

इंजिनाच्या मागच्या तोंडाशी, जिथून गरम वायू बाहेर पडतो, तिथे गोलाकार आठ थर्मोकपल बसवलेले होते. थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी सळई. एक ते चार उजवीकडे, पाच ते आठ डावीकडे. आठही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक बाजू थंड दिसली, तर त्या बाजूच्या नळ्यांतून इंधन कमी येतंय असा अर्थ होतो. म्हणजे इंजिन खोलायचं. राघवन यांची टीम दोन वर्षं या इंजिनावर होती. ते खोलायचं म्हणजे पुढचं सगळं वेळापत्रक ढकलायचं.

“सकाळी तर ठीक होतं,” मी म्हणाले. सकाळच्या रनमध्ये आठांत फक्त बारा अंशांचा फरक होता.

“सकाळी ठीक, दुपारी नाही. असं कधी होतं?” राघवन यांनी विचारलं.

मी दोन्ही रनचे आकडे शेजारी शेजारी लिहून घेतले.

त्या संध्याकाळी मी सगळी कागदपत्रं काढली. थर्मोकपलची सर्टिफिकेटं बरोबर. डॅकचं कॅलिब्रेशन बरोबर. सेल उभा केला तेव्हा आम्ही प्रत्येक सळईला हॉट एअर गनने तापवून पाहिलं होतं. सळई तापवली की आकडा वर जातो का, बरोबर त्याच सळईचा चॅनेल, म्हणजे स्क्रीनवरचा तिचाच आकडा, हलतो का. आठही पास. टिपणाखाली माझी सही आणि इक्बालभाईंची सही.

इक्बालभाई आमचे टेक्निशियन. नारपोलीला लूमवर वीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. हात इतका स्वच्छ की त्यांनी बांधलेला केबलचा जुडगा उघडायला जीव होत नाही. सेलमधली प्रत्येक वायर त्यांनी ओढलेली.

“इक्बालभाई, कुठे काही लूज असेल?”

“लूज असलं तर आकडा नाचेल, मॅडम. हा नाचत नाय. सरळ खालीच बसलाय.”

ते बरोबर होतं. म्हणूनच मला काही सुचत नव्हतं. बिघाड झालेलं मापन सहसा वेड्यासारखं वागतं. हे शहाण्यासारखं वागत होतं, फक्त दुपारी कमी बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणहून लवकर निघाले. टेमघरपर्यंत पटकन आले, पुढे कंटेनरच्या मागे अर्धा तास. पोचले तेव्हा इक्बालभाई सेल उघडून बसले होते. आम्ही एक साधा प्रयोग केला. इंजिनाजवळ भिंतीवर एक जंक्शन बॉक्स आहे. आठही सळयांच्या तारा त्यात येतात आणि तिथून लांब केबलने कंट्रोल रूममध्ये डॅककडे जातात. त्या बॉक्समध्ये आम्ही एक नंबर आणि पाच नंबरच्या सळयांची अदलाबदल केली. आता पाचव्या चॅनेलवर उजवीकडची सळई. दोष इंजिनात असेल तर थंड आकडा एक नंबरवर सरकेल. दोष आमच्यात असेल तर पाचवरच राहील.

सकाळी रन घेतला. फरक पुन्हा बारा अंश. कुणीच थंड नाही.

मी पुरती गोंधळले. मग मनाला एक सोपं उत्तर दिलं: प्लग काढून घातला, कुठेतरी घाण असेल ती निघाली. मला ते उत्तर आवडलं, कारण त्याने काम संपत होतं. जेवणाच्या सुट्टीत तारा पुन्हा मूळ जागी लावल्या.

दुपारी डावी बाजू परत थंड.

मी पुन्हा अदलाबदल करायला निघाले, तर राघवन यांनी अडवलं. “मॅडम, प्लीज. तुम्ही हात लावला की काहीतरी बदलतं. मग मी ऑफिसला काय सांगू? उद्या कुणी कशाला हात लावायचा नाही. मला एक स्वच्छ रन द्या. तोही दुपारी.”

“दोष आमच्या वायरिंगमध्ये असला तर?”

“चार वायर एकदम बिघडतात? त्याही फक्त डावीकडच्या? आणि फक्त दुपारी?”

भोईर बाजूला उभे होते. ते मला बाहेर घेऊन गेले.

“मॅडम, खरं सांगा. आपलं चुकतंय की त्यांचं?”

“मला माहीत नाही, भोईरसाहेब.”

“तुम्हालाच म्हाईत नाय तर मंग कोनाला इचारू?” रागावले किंवा घाबरले की त्यांची भाषा गावाकडे जायची. “गोडाऊनवाला इंजिन टेस्ट करतो म्हनून लोक आधीच हसतात.”

तिसऱ्या दिवशी राघवन यांना हवा तसा रन झाला. मे महिन्याची दुपार, वर पत्र्याचं छत, सेलची दारं बंद. इंजिन फुल स्पीडला नेलं आणि त्यांनी सांगितलं म्हणून अजून थोडं वर. उजवीकडचे चार आकडे सातशे सहाच्या आसपास. डावीकडचे सहाशे साठ. सरासरी सहाशे त्र्याऐंशी. या इंजिनाला सरासरी सातशेच्या वर न्यायची नाही, असा नियम. तिथे पन्नास सेकंद ठेवून खाली आणलं.

राघवन यांनी लॅपटॉप उघडला आणि शेजारच्या खोलीत जाऊन रिपोर्ट लिहायला बसले. इंजिन नापास, डावीकडचा इंधनपुरवठा सदोष, खोलून तपासणी करावी. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. जाताना ते मला म्हणाले, “असेंब्लीतल्या पोरींनी रात्रंदिवस मेहनत केली होती.” मला फार वाईट वाटलं. आणि तरीही, त्यांचंच चुकलं असं मला मनापासून पटत नव्हतं. आमचं काय चुकलं तेही दिसत नव्हतं.

एरवी रन संपला, इंजिन थोडं निवलं की आम्ही रेकॉर्डिंग बंद करायचो आणि स्क्रीनही. त्या दिवशी कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मी कंट्रोल रूममध्येच बसून राहिले. इक्बालभाईंनी मधे चहा आणून ठेवला, तो गार झाला. साडेपाचच्या सुमारास मी सहज वर पाहिलं.

एक ते चार: बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस.

पाच ते आठ: दोन, दोन, तीन, दोन.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. इंजिन केव्हाच निवलं होतं. बाहेर शेडमध्ये बेचाळीस अंश होतं, तेही निवून बेचाळीसवर आलेलं, हे समजलं. पण दोन? भिवंडीत, मे महिन्यात, पत्र्याखाली, लोखंडाच्या एका बाजूला दोन अंश?

“इक्बालभाई!”

ते आले, स्क्रीन वाचली आणि म्हणाले, “बर्फ जमंल आता.”

“जाऊन हात लावून या.”

ते सेलमध्ये गेले. काचेतून मला दिसत होतं. त्यांनी इंजिनाच्या डाव्या बाजूला तळहात ठेवला, मग उजव्या. मग माझ्याकडे बघून दोन्ही हात सारखेच हलवले. दोन्ही बाजू सारख्याच.

म्हणजे इंजिन निर्दोष होतं. आता चूक आमची, इतकं नक्की झालं. पण कसली चूक? ज्या चुकीत सहाशे साठ दिसतं, त्याच चुकीत दोन? आणि सकाळी ती नाहीशी होते?

मी एक कोरा कागद घेतला. अडलं की मी अगदी पहिल्या धड्यापासून सुरू करते. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा, एका टोकाला जोडलेल्या. ते टोक तापलं की दुसऱ्या टोकाशी बारीकसं व्होल्टेज मिळतं. लोकांना वाटतं थर्मोकपल तापमान सांगतो. तो तापमान सांगत नाही. तो दोन टोकांमधला फरक सांगतो. डॅक आपल्या बाजूचं तापमान वेगळं मोजतो आणि त्या फरकात मिळवतो. तेव्हा कुठे खरं तापमान मिळतं.

आमची तार दोन तुकड्यांत होती. इंजिनापासून बॉक्सपर्यंत एक, बॉक्सपासून कंट्रोल रूमपर्यंत दुसरी. दुसरी तारही त्याच धातूंची असते, म्हणून तीसुद्धा आपल्या दोन टोकांमधला फरक सांगते.

मी आकडे मांडले. इंजिन बेचाळीस, बॉक्स बेचाळीस: फरक शून्य. बॉक्स बेचाळीस, कंट्रोल रूम एसीमुळे बावीस: फरक वीस. त्यात डॅकचे स्वतःचे बावीस मिळवले की बेचाळीस. पहिले चार चॅनेल असंच सांगत होते.

मग दुसऱ्या तुकड्याचे वीस मिळवण्याऐवजी वजा केले. बावीस वजा वीस. दोन.

मी पेन खाली ठेवलं.

लांब केबल उलटी लागली होती. तीही दोन्ही टोकांना. एकाच टोकाला उलटी असती, तर सेल उभा केला तेव्हा सळई तापवल्यावर आकडा खाली गेला असता आणि आम्ही तिथेच पकडलं असतं. दोन्ही टोकांना उलटी असल्यामुळे इंजिनाचा सिग्नल सरळच पोचत होता. उलटा होत होता फक्त बॉक्स आणि कंट्रोल रूम यांच्यातला फरक. आम्ही तपासणी केली ती सकाळी, तीही एसी बसायच्या आधी. दोन्हीकडे सारखंच तापमान, फरक शून्य. शून्य उलटं लावलं काय नि सुलटं लावलं काय! रोज सकाळी शेड थंड असायची म्हणून चूक लहान. दुपारी पत्रा तापला, एसी जोरात चालला, की चूक मोठी.

आम्ही बॉक्स उघडला. पहिल्या चार केबलमध्ये लाल आणि पांढरी तार. पुढच्या चारमध्ये लाल आणि पिवळी. सगळीकडे लाल प्लसला.

“रोल संपला होता,” इक्बालभाई म्हणाले. “दुसरा दुसऱ्या कंपनीचा आला.”

थर्मोकपलच्या तारांचे रंग देशादेशांत वेगळे असतात. जपानी पद्धतीत लाल म्हणजे प्लस. अमेरिकन पद्धतीत जोडी लाल-पिवळी, आणि लाल म्हणजे मायनस. हे मला तीस वर्षं माहीत आहे. नव्या पोरांना मी हे शिकवलं आहे.

खात्री करायला रंग नको होते. या प्रकारच्या थर्मोकपलची मायनस तार लोहचुंबकाला चिकटते, प्लस चिकटत नाही. इक्बालभाईंनी टूलबॉक्समधून चुंबक आणलं. पिवळी तार हलली नाही. लाल तार टपकन जाऊन चिकटली.

“इक्बालभाई, निदान विचारायचं तरी,” मी म्हणाले. आवाजात नको तेवढी धार आली.

त्यांनी चुंबक टूलबॉक्समध्ये परत ठेवलं. मग म्हणाले, “विचारलं होतं, मॅडम.”

“कुणाला?”

“तुम्हालाच.”

मला काहीही आठवत नव्हतं. अगदी प्रामाणिकपणे सांगते, मला वाटलं ते स्वतःला वाचवताहेत. त्यांनी मोबाइल काढला, बराच वेळ बोट वर सरकवत राहिले आणि माझ्यापुढे धरला. लाल-पिवळ्या तारांचा फोटो. खाली त्यांचा मेसेज: ‘मॅडम नवीन रोल आला. लाल प्लसलाच ना? दोन्हीकडे?’ त्याखाली माझं उत्तर: ‘हो.’

त्या दिवशी मी कुठे होते, कशात होते, काही आठवत नाही. फोटो उघडून पाहिला होता की नुसतंच उत्तर दिलं होतं, तेही नाही. आजतागायत आठवलेलं नाही.

“सॉरी, इक्बालभाई,” मी म्हणाले.

“माझीपण सही हाय ना त्या कागदावर,” ते म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर शोधू लागले.

मी त्यांना थांबवलं. तारा सुलट्या करण्याआधी सगळ्याचे फोटो काढायला सांगितले. कारण कागदावर अजून एक गणित उरलं होतं आणि ते मला करायचं नव्हतं.

डावीकडचे चार आकडे खोटे कमी होते. म्हणजे सरासरीही खोटी कमी होती. दुपारच्या रनमध्ये स्क्रीनवर सहाशे त्र्याऐंशी होतं, पण इंजिनात खरी सरासरी सातशे सहा होती. मर्यादेच्या सहा अंश वर. पन्नास सेकंद. राघवन यांचं निर्दोष इंजिन आम्ही मर्यादेपलीकडे तापवलं होतं.

मी भोईरांना बोलावून सगळं सांगितलं. वायरिंगचं ऐकून ते आधी हसलेच. “म्हणजे इंजिन पास? मग सुटलो की!” मग सहा अंशांचं सांगितलं. ते खुर्चीत बसले.

“सहा अंशांनी काय होतं?”

“बहुतेक काही नाही. पण टर्बाइनच्या पात्यांचं कुणी सांगावं.”

“मग ते सहा अंश सांगायलाच पायजेत का?”

मी कागदावरच्या सातशे सहाभोवती गोल काढला.

“आणि रिपोर्टात काय लिहायचं? टेक्निशियन एरर?”

“नाही. सूचना माझी होती. तसंच लिहायचं.”

भोईरांनी काचेतून इंजिनाकडे पाहिलं. मग उठले. “चला, दोघं जाऊ. तुम्हाला एकटीला शिव्या नकोत.”

राघवन यांचा रिपोर्ट पाठवायचा बाकी होता. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि बावीस वजा वीस समजावलं. त्यांनी गणित स्वतः दोनदा करून पाहिलं. चेहरा खुलला. मग मी सातशे सहा म्हणाले. खुललेला चेहरा तसाच राहिला, पण त्यातला आनंद गेला. हसावं की ओरडावं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं, असं मला वाटलं.

“म्हणजे इंजिन खोलायचं कारण नव्हतं,” ते हळू म्हणाले, “आणि आता आहे.”

“हो.”

“तुम्ही नसतं सांगितलं तर मला कळलं नसतं.”

“नसतं कळलं.”

त्यांनी लॅपटॉप बंद केला. “कच्चा डेटा सगळा द्या. आणि त्या बॉक्सचे फोटो. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेजसुद्धा.”

मी तोही दिला.

इंजिन बंगळुरूला गेलं. ते खोललं, पाती तपासली. दोन आठवडे आम्हाला काहीच कळलं नाही. भोईर रोज फोन करून विचारायचे, काही आलं का. मग राघवन यांचा फोन आला: पाती ठीक आहेत, इंजिन परत जोडतोय, टेस्ट तुमच्याकडेच करू, पण वायरिंग आमचा माणूस तपासेल. त्यांचा माणूस आला, चुंबक घेऊनच आला. दोन दिवस त्याने प्रत्येक तार पाहिली. त्या वेळी दुपारच्या रनमध्ये आठांत नऊ अंशांचा फरक आला. इंजिन पास झालं.

आमच्या ड्रॉइंगवर आता रंग लिहिलेले नाहीत. धातूंची नावं आहेत आणि ‘चुंबकाने तपासा’ अशी ओळ आहे. ती इक्बालभाईंनी माझ्याकडून लिहून घेतली. जंक्शन बॉक्समध्ये एक वेगळा सेन्सर बसवला, तिथलं तापमानही आता रेकॉर्ड होतं.

मी मात्र तपासणीची वेळ बदलली. सेल नवा असो की जुना, आता मी सकाळी तपासून सही करत नाही. उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता, पत्रा पुरता तापल्यावर आणि कंट्रोल रूमचा एसी पूर्ण चालवून तपासते. लोक कुरकुरतात. मी ऐकत नाही. सकाळच्या गारव्यात आमची चूकसुद्धा पास झाली होती.